डंकाच्या गाडीचे पाटे

गडमुडशिंगीत चटणीचा डंक पहिल्यांदा घातला तो अक्षतानं. घरामागं पत्र्याची शेड आणि तिच्यात ते कुटायचं यंत्र. त्याचे लोखंडी दांडे वर-खाली आपटायला लागले की आळीभर मिरचीचा खकाणा उडायचा, आणि उन्हाळा लागल्यापासून वळीव पडेपर्यंत तिच्या दारातली बायकांची रांग हटायची नाही. पण तिचं बरं चाललेलं बघून गावात आणखी काही जणांनी डंक घातले आणि रांग वाटली गेली. दुसरी एखादी नशिबाला बोल लावत बसली असती. अक्षता तसली नव्हती. गिऱ्हाईक येत नसेल तर आपणच गिऱ्हाइकाकडं जावं, असं तिच्या मनात घोळायला लागलं.

ते मनात घातलं प्रीतीनं. प्रीती तिची मावसबहीण, कुरुंदवाडात दिलेली. तिथं ती बायकांचा बचत गट चालवायची. एकदा फोनवर बोलता बोलता ती म्हणाली, "आमच्या आळीतल्या बायका मिरच्यांची पोती घिऊन वणवण फिरत्यात बघ. डंकावर नंबरच लागत न्हाय. तू तुझा डंक उचलून आण की हिकडं!"

प्रीतीनं चेष्टा केली होती. अक्षतानं फोन ठेवला आणि ती थेट अंगणात गेली. तिथं तिचा नवरा अतुल पिकअप धूत होता. कधी भाजी, कधी सेंट्रिंगच्या फळ्या, कधी लग्नातली भांडी, जे मिळेल ते भाडं तो मारायचा.

"अवो, डंक ह्या गाडीवर बसंल काय?"

अतुलनं पाण्याची नळी खाली ठेवली. आधी गाडीकडं बघितलं, मग बायकोकडं.

"डंक बसंल की," तो म्हणाला. "गाडीबी बसंल."

पण अक्षताच्या डोक्यात एकदा आलं की ते निघत नसे, हे त्याला लग्नापासून माहीत होतं. वेल्डरकडं फेऱ्या झाल्या. हौद्यात लोखंडी चौकट बसवली, तिच्यावर डंक आणि डंकाच्या शेजारी डिझेलचं इंजिन. डंक अगदी मागच्या फाळक्याला लागून बसवायचा हट्ट अक्षताचाच. बायकांना खाली उभं राहून मिरची घालता यायला पाहिजे, हे तिचं म्हणणं. अतुल आणि वेल्डरनं एकमेकांकडं बघितलं आणि तसाच बसवून दिला, कारण चटणीच्या कामातलं तिला कळतं हे दोघांनाही मान्य होतं.

राहिली तिची सासू तानूबाई. डंक अक्षताचा असला तरी मसाला भाजायचं काम तानूबाईचं. धणे कुठल्या वासाला उतरवायचे, खोबऱ्याला किती रंग चढू द्यायचा, हे तिच्या नाकाला कळायचं. ती गाडीतून यायला तयार झाली, पण तिचं सामान तिच्याबरोबर यायला पाहिजे होतं. मोठी लोखंडी कढई, उलथनं, लोखंडी चूल, आणि वर पाटा-वरवंटा.

"आत्ती, पाटा कशाला? मिक्सर घेतलाय की," अक्षता म्हणाली.

"मिक्सरचा लसूण म्हंजे नुसतं पाणी," तानूबाई म्हणाली. "पाट्यावर वाटला तरच चटणीला वास. पाटा न्हाय तर मीबी न्हाय."

मग पाटाही पोत्यात गुंडाळून हौद्यात गेला.

निघायच्या दिवशी सकाळी सगळं चढवून झालं आणि अतुल दहा पावलं मागं जाऊन उभा राहिला. गाडीचं तोंड आभाळाकडं आणि बूड जमिनीकडं झालं होतं. मागचं चाक मडगार्डाला लागायला बोटभर जागा उरली होती. तो खाली वाकला, गाडीखाली डोकं घातलं आणि तसाच ओरडला, "अक्षता, हिकडं ये. बघ ह्ये."

ती वाकली. मागच्या एक्सलवर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या होत्या, गाडीचे पाटे. सगळा भार त्यांच्यावर. एरवी त्या धनुष्यासारख्या वाकलेल्या असतात. आता त्या पार सरळ झाल्या होत्या, एक तर उलट्या बाजूलाच वाकल्यासारखी दिसत होती.

"गाडीनं जीव खाऊन दम धरलाय बघ," अतुल म्हणाला. "आधी पाटे वाढवून घिऊया. मग जाऊया."

"अवो, आज यायचं कबूल केलंय. प्रीतीनं मंडप घातलाय. बायकांनी मिरच्या वाळवून, देठ खुडून ठेवल्यात. आजच्या दिवस जाऊया हळूहळू. आल्यावर घाला काय घालायचे ते पाटे."

अतुल उठला, गुडघे झाडले. वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं. "हळू म्हंजे बैलगाडीगत," एवढंच तो म्हणाला आणि किल्ली काढली.

खरंच बैलगाडीसारखे ते निघाले. केबिनमध्ये तिघं, मध्ये तानूबाई पदर आवळून. स्टेअरिंग इतकं हलकं झालं होतं, की पुढची चाकं रस्त्याला धरून आहेत का नाहीत अशी शंका यावी. मोटारसायकलवाले पुढं निघून जाताना वळून बघत होते. पट्टणकोडोली गेली, हुपरी गेली, इचलकरंजीच्या गर्दीतून गाडी कशीबशी बाहेर पडली. शिरोळ तालुक्यातला ऊस दोन्ही बाजूंनी सुरू झाला, तेव्हा अक्षताला हायसं वाटलं. आता काय, आलंच कुरुंदवाड. ती मनातल्या मनात पहिलं पोतं कुणाचं घ्यायचं ते ठरवायला लागली.

ओढ्यावरच्या मोरीशी रस्ता जरा खचला होता. अतुलनं वेग आणखी कमी केला, पुढची चाकं अलगद उतरवली, आणि मागची उतरली तेव्हा खालून ठाण्णकन आवाज आला. गाडी डावीकडं कलली आणि तशीच राहिली.

"काय झालं रं?" तानूबाईनं विचारलं.

"पाटा तुटला, आई."

तानूबाई एका झटक्यात केबिनमधून उतरली, मागच्या चाकावर पाय देऊन हौद्यात चढली आणि पोतं उलगडायला लागली. दगडावरून हात फिरवून तिनं वरून विचारलं, "कुटं तुटलाय? धड हाय की!"

अतुल रस्त्याच्या कडेला खाली बसला आणि पोट धरून हसायला लागला. अक्षताला मात्र हसू येईना. तिच्या डोळ्यांपुढं प्रीतीचा मंडप होता. ती नवऱ्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुमचं ऐकायला पायजे होतं मी."

"तसं न्हाय गं," तो डोळे पुसत म्हणाला. "मलाबी कुटं वाटलंतं आताच तुटंल म्हणून? मला वाटलंतं, परत येताना तुटंल."

तिनं प्रीतीला फोन लावला. पलीकडं बायकांचा गलका ऐकू येत होता. प्रीतीनं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आता मी हितं काय सांगू? सकाळपासनं बसल्यात की समद्या!"

"उद्या येतो," अक्षता म्हणाली.

"उद्या म्हंजे नक्की, का नुसतं?"

"नक्की," अक्षता म्हणाली. कसं, ते तिचं तिलाच माहीत नव्हतं.

तेवढ्यात उसातल्या पाणंदीतून एक ट्रॅक्टर बाहेर आला. वर बसलेल्या म्हाताऱ्यानं डोक्याला टॉवेल गुंडाळला होता. त्यानं ट्रॅक्टर थांबवला, कललेली गाडी, हौद्यातलं यंत्र आणि यंत्राशेजारी उभी असलेली तानूबाई असं सगळं ओळीनं बघितलं.

"काय पावणं, बसली की गाडी?"

"बसली अण्णा," अतुल म्हणाला. "पाटा गेला."

"त्यो जायचाच की! बूड बघा जरा तिचं." म्हातारा उतरून गाडीखाली डोकावला. "हितं मोरीवर उभी राहिली तर ऊसवाल्या ट्रॉल्या ठोकून जातील. माझा मळा हितंच हाय. साखळी लावतो, हळू घिऊया आत."

त्याचं नाव तवनाप्पा. रस्त्यापासून हाकेच्या अंतरावर त्याची वस्ती होती. समोर मोठं खळं, त्यावर चिंचेची गार सावली. अतुलनं स्टेअरिंग धरलं, तवनाप्पानं ट्रॅक्टर पहिल्या गिअरवर ठेवला आणि लंगडी गाडी चालत्या माणसाच्या वेगानं चिंचेखाली आली. आल्या आल्या तवनाप्पानं आपली मोटारसायकल काढून अतुलच्या ताब्यात दिली. "इचलकरंजीच्या अलीकडं बाळासो मिस्त्रीचं पाट्याचं दुकान हाय. माज्या ट्रॉल्यांचे पाटे त्योच करतो. जावा, घिऊनच या त्याला."

अतुल गेला आणि दोघी सासवा-सुना परक्या खळ्यात उभ्या राहिल्या. घरातून एक बाई पाण्याचा तांब्या घेऊन बाहेर आली. सत्तरीच्या आसपासची, ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. तवनाप्पाची बायको, रत्नाबाई. तानूबाईनं तांब्या घ्यायच्या आधी जरा मागं सरून म्हटलं, "आमी मुडशिंगीची. बौद्ध हाय आमी."

"बरं मग?" रत्नाबाई म्हणाली. "तहान लागत न्हाय काय बौद्धांला? घ्या." आणि तांब्या तिच्या हातात देऊन ती खळ्यावरच फतकल मारून बसली. "ह्यो चटणीचा डंक काय गाडीवर?"

"व्हय," अक्षता म्हणाली.

"हितं चालतोय?"

अक्षतानं तिच्याकडं बघितलं. रत्नाबाईनं मान वळवून माळवदाकडं बोट केलं. वर लाल मिरच्यांचा गालिचा पसरला होता. "ब्याडगी हाय, संकेश्वरी हाय. वाळून कडकडीत झाल्यात. डंकावर न्यायचं म्हंजे ह्यास्नी सवड न्हाय, पोरं पुण्याला. मी रोज वर जाऊन मिरच्यांची तोंडं बघून येतो. आणि आता डंकच दारात आलाय."

अक्षतानं कललेल्या गाडीकडं बघितलं. गाडी मोडली म्हणजे काम मोडलं, असंच तिनं धरलं होतं. पण मोडला होता पाटा. डंकाला काय झालं होतं?

"चालतोय की, अक्का," ती म्हणाली.

"पर एक हाय. आमी जैन, आमच्या चटणीत कांदा-लसूण न्हाय. तुमच्या डंकाला त्याचा वास असंल."

"कालच गरम पाण्यानं धुतलाय, अजून कोरा हाय. तुमची पयली कुटू. कांदा-लसणाचं त्याच्या मागनं."

"मग काय अडलंय?" म्हणून रत्नाबाई उठलीसुद्धा.

अडलं होतं ते वेगळंच. अक्षतानं इंजिन सुरू केलं, दांडे आपटायला लागले आणि त्याबरोबर अख्खी गाडी पाळण्यासारखी डुलायला लागली. तुटक्या पाट्याच्या बाजूला प्रत्येक ठोक्याला कर्र असा आवाज. तिनं घाईघाईनं इंजिन बंद केलं. तवनाप्पा बाजूला उभा राहून बघत होता. गोठ्याच्या मागं जुन्या घराचे सागवानी वासे पडले होते. ते बघून अक्षता म्हणाली, "अण्णा, ते वासे गाडीखाली देता येतील काय? चाकांवर भारच नको."

तवनाप्पानं जॅक लावून गाडी उचलली आणि दोघांनी मिळून गाडीच्या सांगाड्याखाली वाशांचे तुकडे रचले. आता हौदा वाशांवर टेकला होता. तिनं पुन्हा इंजिन सुरू केलं आणि कान देऊन उभी राहिली. ठोका असा पडत होता, जणू डंक जमिनीतच गाडलाय. घरच्या शेडमध्येसुद्धा इतका पक्का पडला नव्हता. पहिली मूठभर भुकटी तिनं चिमटीत घेऊन चोळली. रव्यासारखी नाही, पिठासारखी. "आत्ती, बघा," ती म्हणाली, आणि तानूबाईनं चिमटीत घेऊन नुसती मान हलवली. तानूबाईनं मान हलवली म्हणजे फार झालं.

मसाला भाजताना मात्र दोघी म्हाताऱ्यांचं जुंपलं. बिन कांदा-लसणाच्या चटणीला चव ती काय येणार, हे तानूबाईचं ठाम मत. रत्नाबाई तीळ जास्त, खोबरं जास्त, वर हिंगाचा खडा तुपात फुलवून, असं एकेक सांगत होती आणि तानूबाई कढईत उलथनं फिरवत "व्हय काय?" "बरं बरं" असं शंकेखोर आवाजात म्हणत होती. पहिला घाणा निघाला तेव्हा रत्नाबाईनं आतून ज्वारीची भाकरी आणि तेल आणलं. तानूबाईनं तुकडा मोडला, चटणीत बुडवला, सावकाश चावला. सगळे तिच्या तोंडाकडं बघत होते.

"हिंग किती टाकलासा?" तिनं विचारलं.

रत्नाबाई खुदकन हसली. तिला तेवढं पुरे होतं.

डंकाचा आवाज उसावरून लांब जातो. दुपार व्हायच्या आत शेजारच्या वस्तीवरची बाई "काय चाललंय?" म्हणून डोकावली आणि जाऊन मिरच्या घेऊन आली. तिच्या मागं आणखी दोघी. कुणी सायकलवरून पोतं लोटत आणलं, कुणी डोक्यावरून. चिंचेखाली बायका गोल करून देठ खुडायला बसल्या. खोकत, शिंकत, डोळे पुसत, एकमेकींच्या सुनांची चौकशी करत. अक्षता हौद्यात उभी राहून मिरची घालत होती. पदर कमरेला, तोंडाला ओढणी, भुवयांवर लाल धूळ. मोरीवर उभं असताना तिच्या छातीवर जो दगड होता तो कधी उतरला, ते तिला कळलंसुद्धा नाही.

अतुल बाळासो मिस्त्रीला घेऊन आला तो हा बाजार बघून फाटकातच थबकला. "मी गाडी मोडकी सोडून गेलतो," तो म्हणाला. "हितं जत्रा भरली काय?"

बाळासो आडव्या बांध्याचा, मोठ्या आवाजाचा माणूस. त्यानं बायकांना बाजूला केलं, गाडीखाली आडवा झाला आणि तिथूनच बोलायला लागला.

"मेन पाटा गेलाय. बाकीचे नुसते नावाला हायत. पार थकल्यात."

"भरपूर घाला मिस्त्री," अतुल म्हणाला. "मावतील तेवढे घाला. परत तुटायलाच नको."

"घालतो की. मग मोकळी गाडी घिऊन खड्ड्यातनं जावा. घोड्यागत उडंल. तुमच्या आईचं कंबरडं मोडंल, मग तिला कुटला पाटा घालणार?"

बायका हसल्या. बाळासो बाहेर येऊन मांडी घालून बसला आणि हातानं दाखवत बोलला. मेन पाटा जाड घालायचा, दोन्ही बाजूंना. मधे एकेक पाटा वाढवायचा, जास्त नाही. आणि खाली एक हेल्पर पाटा, सरळ आणि जाड. गाडी मोकळी असली की तो नुसता बसून राहणार, भार आला आणि वरचे दबले की मगच तो कामाला लागणार. "आणि एक ध्यानात ठेवा. पाटे वाढले म्हणून गाडीची ताकद वाढत न्हाय. ब्रेक त्येच, टायर त्येच, एक्सल त्योच. गाडी खाली बसणार न्हाय, एवढंच. म्हणून वर कायबी घालत सुटायचं न्हाय."

मग तो हौद्याकडं बघून म्हणाला, "आणि ह्ये यंत्र हितं टोकाला कुणी बसवलं?"

अतुल चिंचेच्या झाडाकडं बघायला लागला.

"मी बसवलं," अक्षता हौद्यातूनच म्हणाली. "बायकांना खालनं मिरची घालता यावी म्हणून."

"अवो, एवढा समदा भार एक्सलच्या मागं लोंबतोय. पाटा मोडला त्यो भारानं कमी आणि लोंबण्यानं जास्त. पुढं सरकवायला पायजे, केबिनच्या पाठीला."

"मग बायकांनी घालायचं कुटनं?"

"ते काय माजं काम न्हाय," बाळासो म्हणाला. अक्षता हौद्यातून उतरली आणि गाडीभोवती एक चक्कर मारून आली. बाजूच्या फाळक्याशी थांबली. "ह्यो बाजूचा फाळका पडतोय की खाली," ती म्हणाली. "डंक आडवा फिरवून पुढं घ्या. बायका बाजूनं घालतील. रस्त्याकडं पाठ न्हाय, सावलीबी गाडीचीच."

"मग तर झकासच," बाळासो म्हणाला.

"आणि एक करून द्या. आता वाशांवर गाडी टेकवलीय ना, तसं कुटंबी थांबलो की खाली लावायला लोखंडी पाय पायजेत. वर-खाली करता येणारे. काम करताना पाट्यांवर भार नकोच."

बाळासोनं अतुलकडं बघितलं. "गाडी तुमची का ह्यांची?"

"गाडी माजी," अतुल म्हणाला. "डंक तिचा. आमी दोघं आईची."

पाटे शेकून, वाक देऊन आणायचे तर दुसरा दिवस उजाडणार होता. बाळासो जुने पाटे काढून घेऊन गेला आणि डंक वाशांवर चालूच राहिला. उन्हं कलायला लागली तशी रत्नाबाईनं सगळ्यांना आत बोलावलं. त्या घरात दिवस बुडायच्या आत जेवणं व्हायची. अतुलला एवढ्या लवकर जेवायची सवय नव्हती, पण दिवसभराच्या पळापळीनं भूक अशी लागली होती, की त्यानं ताटाकडं बघून वेळ विचारली नाही. आमटी, भाकरी, उसळ आणि मध्ये त्या नव्या चटणीचा लालभडक ढीग. खिडकीतून तिरपं ऊन ताटांवर आलं होतं. तवनाप्पा फारसा बोलणारा नव्हता, पण जेवता जेवता एकदम म्हणाला, "लई दिसांनी खळ्यात एवढी माणसं बघितली." रत्नाबाईनं त्याच्या भाकरीवर आणखी तेल सोडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच बाळासो आला. नवे पाटे निळसर काळे, कमानदार, एकावर एक चपखल बसलेले. अतुल त्याच्याबरोबर गाडीखाली शिरला. पाटे एक्सलला बांधणारे लांब यू-बोल्ट आवळताना दोघांच्याही मानेच्या शिरा ताणल्या. मग सगळ्यांनी मिळून डंक पुढं सरकवला. तवनाप्पानं पहारेनं रेटा दिला, वस्तीवरचे दोघं-तिघं हात लावायला आले. इंजिन केबिनच्या पाठीला, डंक त्याच्या शेजारी आडवा. चार कोपऱ्यांना बाळासोनं जाड नळ्यांचे पाय जोडून दिले, खिट्टी काढली की खाली, घातली की वर. कढई, चूल, तानूबाईचा दगड, सगळं चढलं. वासे काढले आणि गाडी जमिनीवर आली.

सगळे दोन पावलं मागं झाले. गाडी सरळ उभी होती. मागून किंचित उंच, एवढंच.

"आता चालवून बघा," बाळासो म्हणाला.

अतुलनं खांदा चोळला. काल जुने पाटे काढताना तो भरला होता, रात्रभर दुखत होता आणि सकाळच्या पान्ह्यानं उरलासुरला गेला होता. त्यानं किल्ली अक्षताकडं टाकली.

"मी?"

"लायसन काय पेटीत ठेवायला काढलंय?"

तिनं गाडी चालवली होती, पण गावातल्या गावात, मोकळी. ती बसली, सीट पुढं ओढली. तानूबाई शेजारी चढून बसली. पाणंदीतून गाडी हळू बाहेर काढली आणि मोरीशी आली. तोच खचलेला भाग समोर होता. तिनं श्वास धरला, पहिल्या गिअरवर आली आणि पुढची चाकं उतरवली. मागची उतरली तेव्हा खालून एक जाड, दबका हुंकार आला, गाडी जराशी बसली आणि पुन्हा सावरून वर आली. जसं एखादं धडधाकट माणूस पाठीवर ओझं घेताना गुडघ्यात वाकतं आणि उभं राहतं. स्टेअरिंगमध्ये आता वजन होतं. रस्ता हाताला लागत होता. ती हसली, आपलं आपणच.

"काय झालं?" तानूबाईनं विचारलं.

"काय न्हाय आत्ती. गाडी चालालीय."

पुढं ती वळून परत खळ्यात आली. रत्नाबाईनं एका डब्यात चटणी भरून ठेवली होती आणि ती तानूबाईला निरोप देत होती. "पुढल्या साली वळीव लागायच्या आत या. मी मिरची जास्त आणून ठेवतो." तानूबाईनं तिचा हात हातात घेतला आणि बराच वेळ सोडला नाही.

कुरुंदवाडला ते पोचले तेव्हा ऊन चांगलंच तापलं होतं. प्रीती मंडपाच्या तोंडाशी कमरेवर हात ठेवून उभी. मंडपात बायका थोड्याच उरल्या होत्या, हे लांबूनच दिसत होतं. अक्षतानं गाडी आळीत घेतली, बाजूला लावली. प्रीतीनं आधी चालकाच्या जागेवर बसलेल्या बहिणीकडं बघितलं, मग गाडीकडं, मग परत बहिणीकडं.

"काही जणी दुसरीकडं गेल्या बघ," ती म्हणाली. "मीच सांगितलं, आता हिचं काय खरं न्हाय म्हणून."

"बरोबर सांगितलंस," अक्षता म्हणाली. "ज्या हायत त्यांची कुटतो."

"तोंड धू आधी. भुतागत दिसालीस. मग सावकाशीनं शिव्या देतो."

अतुलनं खिट्ट्या काढल्या, चारी पाय खाली सोडले, आवळले. बाजूचा फाळका पाडला तशी हौद्याची कड बायकांच्या कमरेइतक्या उंचीला आली, जणू मापच घेऊन केलेली. तानूबाईनं चूल मांडली आणि एका बाईला लसूण सोलायला बसवलं. इंजिनानं दोन-चार उचक्या दिल्या आणि सूर धरला. पहिल्या ठोक्याला अक्षतानं हौद्याच्या कडेवर हात ठेवून बघितलं. गाडी हलत नव्हती.

पहिलं पोतं एका तरण्या पोरीचं होतं, नुकतीच लग्न होऊन आलेली असावी. तिला चटणी किती तिखट करायची तेच ठरवता येईना. सासरी एक सांगितलं होतं, माहेरी दुसरं खायची सवय. अक्षतानं तिला दोन्ही मिरच्या दाखवल्या, रंगाची आणि तिखटाची, आणि म्हणाली, "ही जास्त घाल, ही कमी. दोघंबी गप्प बसतील."

पोरगी हसली आणि पोत्याचं तोंड सोडायला वाकली. मंडपाच्या मागच्या गल्लीतून आणखी दोघी डोक्यावर पोती घेऊन येताना दिसत होत्या. कालच्या गेलेल्यांतल्याच असाव्यात, कारण त्यांना बघून प्रीती तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटली आणि बसायला चटई ओढून द्यायला गेली. अतुल चहाची किटली घेऊन आला. त्यानं एक कप हौद्याच्या कडेवर ठेवला.

"शिरढोण गावच्या बायकांनी अण्णांकडनं नंबर घिऊन फोन केलता," तो म्हणाला. "परवा येता काय विचारत्यात."

"काय सांगितलासा?"

"सांगितलं, मालकिणीला विचारून सांगतो."

अक्षतानं ओढणी खाली केली आणि चहाचा एक घोट घेतला. "येतो म्हणून सांगा," ती म्हणाली, आणि पोरीच्या पोत्यातली पहिली ओंजळ डंकात सोडली.